घाईतल्या वाचकासाठी वेबसाइटचे मराठी

एखाद्या नगरपरिषदेच्या वेबसाइटवर जन्मनोंदणीचे पान उघडले, तर बहुधा अशा वळणाचा मजकूर भेटतो: 'सर्व संबंधित नागरिकांना याद्वारे कळविण्यात येते की, नगरपरिषद हद्दीत घडून आलेल्या जन्माच्या घटनांची नोंद विहित मुदतीत करून घेणे बंधनकारक असून, सदर मुदतीत नोंद न केल्यास प्रचलित नियमानुसार विलंब शुल्क आकारून सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने नोंद घेण्यात येईल.'

नमुना मी रचलेला आहे, पण ओळखीचा वाटला असेल. व्याकरण बिनचूक, कायद्याच्या विरुद्ध एक शब्द नाही. तरी तान्हे बाळ मांडीवर घेऊन मोबाइलवर हे पान उघडणाऱ्या बाईच्या हाती काहीच लागत नाही. मुदत किती दिवसांची? ती उलटली तर कुणाकडे जायचे? आणि बाळंतपण माहेरी झाले असेल, तर नोंद माहेरच्या गावी करायची की सासरच्या?

वेबसाइट सर्वांना वापरता यावी ही जबाबदारी आपण प्रोग्रामरवर टाकून मोकळे होतो. प्रोग्रामरचे काम आहेच. पण पान अडते त्याची निम्मी-अधिक कारणे लिहिण्यात असतात. वाक्य लिहिताना, फाइल चढवताना, फोटोखाली ओळ टाकताना ती तयार होतात. म्हणून हा लेख आहे वेबसाइट ज्यांच्या गळ्यात पडली आहे त्यांच्यासाठी: कार्यालयातला लिपिक, पतसंस्थेच्या सचिव, शाळेतले 'कॉम्प्युटरचे सर', वाचनालयाचा कार्यवाह.

आधी खिडकीवर जा

लिहायला बसण्यापूर्वी कार्यालयाच्या खिडकीवर किंवा फोनपाशी तासभर थांबा. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न पानावर सगळ्यात वर. ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही ते तळाशी, किंवा पानावर नकोच. अध्यक्षांचे मनोगत, संस्थेचा इतिहास आणि विभागाची उद्दिष्टे या वर्गात मोडतात. मनोगत ठेवायचेच असेल तर त्याला स्वतंत्र पान द्या; अध्यक्षही खूश, वाचकही मोकळा.

जन्मनोंदणीचे पान या पद्धतीने लिहिले, तर साधारण असे होईल:

'बाळाचा जन्म ज्या गावात किंवा शहरात झाला, तिथेच त्याची नोंद होते. आईवडील दुसरीकडे राहत असले तरी जन्मगावीच यावे लागते.

जन्म दवाखान्यात झाला असेल, तर निबंधकाला कळवण्याचे काम दवाखान्याचे आहे. घरी झाला असेल, तर कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत कळवावे.

२१ दिवस उलटले, पण ३० दिवस झालेले नाहीत: विलंब शुल्क भरून नोंद होते.
३० दिवस उलटले, पण वर्ष झालेले नाही: विलंब शुल्काबरोबर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.
वर्ष उलटले: दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क नाही.'

यात कायदा कुठेही सैल झालेला नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हे नाव आणि २०२३ च्या दुरुस्तीचा उल्लेख पानाच्या शेवटी येऊ द्या. ज्याला हवा तो तिथे पोचतो. वर मात्र वाचकाच्या कामाचे. याच दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदारयादी अशा अनेक ठिकाणी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. इतके ज्यावर अवलंबून आहे ते 'विहित मुदतीत' या दोन शब्दांमागे दडवणे कुणाच्याच सोयीचे नाही, कार्यालयाच्याही नाही. न कळलेला माणूस शेवटी खिडकीवरच येतो.

असा मजकूर साहेबांपुढे ठेवला की 'हे शासकीय वाटत नाही' असा शेरा येतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा वाद घालू नका. त्यांना विचारा, की या पानावरून नियमाबद्दल काही चुकीचा समज होईल का? होत असेल तर ते वाक्य बदलायलाच हवे. होत नसेल तर शेरा चवीबद्दलचा आहे आणि चवीसाठी नागरिकाला हेलपाटा घालायला लावणे बरे नव्हे. काही शब्द मात्र ठेवावेच लागतात. 'निबंधक' हा शब्द मी वर ठेवला, कारण दारावरच्या पाटीवर आणि अर्जावर तोच असतो. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीतून चालते, एवढी पुस्ती जोडली की भागते.

क्रियापद वेळेवर आणा

मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही त्याच्याबरोबर शेवटी येतो. छापील पानावर हे खपते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पाच ओळींचे वाक्य वाचणारा माणूस 'अशा अर्जदारांचे अर्ज' इथपर्यंत येतो, 'स्वीकारले जाणार नाहीत' पर्यंत पोचतच नाही. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळताना आढळले होते. त्या चाचण्या इंग्रजी पानांवरच्या होत्या. आपल्या भाषेत चाळणाऱ्याचा धोका जास्त, कारण वाक्याचा निकाल शेवटच्या दोन शब्दांत लागतो. म्हणून नकार आधी सांगून टाका. 'पुढील अर्ज घेतले जात नाहीत' असे म्हणून खाली एकेक प्रकार द्या.

दुसरी सवय 'असून', 'करून', 'तसेच', 'व त्यानुसार' यांनी वाक्याला वाक्य जोडत जाण्याची. प्रत्येक 'असून'पाशी पूर्णविराम देऊन पाहा. दहापैकी आठ ठिकाणी वाक्य सुधारते. आणि करणारा कोण ते लिहा. 'अर्जाची छाननी करण्यात येईल' यात छाननी आकाशातून होते. 'आरोग्य विभागातील लिपिक अर्ज तपासतील' म्हटले की वाचकाला कुणाला भेटायचे तेही समजते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी जाहीर करावेच लागतात. ही माहिती बहुतेक ठिकाणी वेगळ्या तक्त्यात पडून असते. ती त्या-त्या सेवेच्या पानावर आणा: इतक्या दिवसांत दाखला मिळेल, नाही मिळाला तर अपील अमुक अधिकाऱ्यांकडे.

लोक शोधतात ते शब्द पानाच्या शीर्षकात असावेत. 'अधिकार अभिलेख' कुणी शोधत नाही, सातबारा शोधतात. 'बर्थ सर्टिफिकेट' हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, तर तोही मजकुरात एकदा येऊ द्या. शुद्धतेचा आग्रह धरावा, पण लोकांना पान सापडू न देण्याइतका नव्हे.

कानाने वाचणारे

दृष्टिहीन माणूस वेबसाइट ऐकतो. संगणकावर एनव्हीडीएसारखे आणि अँड्रॉइड फोनवर टॉकबॅकसारखे वाचक सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. एनव्हीडीए फुकट आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते उभे केले, सुरुवात २००६ ची. मराठी आवाज या साधनांत उपलब्ध आहेत. उच्चार थोडा यांत्रिक वाटतो. सराव झालेले लोक मात्र तो आपल्याला झेपणार नाही इतक्या वेगाने ऐकतात.

ही मंडळी पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाहीत. एनव्हीडीएमध्ये एक कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते, दुसरीने पुढच्या लिंकवर जाता येते, आणि पानावरच्या साऱ्या लिंकांची यादीही वेगळी उघडता येते. ही यादी उघडून पाहा, म्हणजे 'येथे क्लिक करा' या आपल्या लाडक्या शब्दांचे काय होते ते कळेल: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा. कुठल्या 'येथे'मागे अर्ज आहे आणि कुठल्यामागे निविदा, काही पत्ता लागत नाही. लिंकचे शब्द स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजेत: 'जन्मनोंदणीचा अर्ज डाउनलोड करा, पीडीएफ, २ पाने'. फाइल किती मोठी आहे तेही सांगा. डेटा संपत आलेल्या माणसाला ते उपयोगी पडते.

शीर्षकांचेही तसेच. अक्षरे ठळक आणि मोठी केली म्हणून ती ओळ शीर्षक होत नाही. डोळ्यांना ती तशी दिसते, सॉफ्टवेअरसाठी तो साधा मजकूर असतो आणि उडी मारणारा माणूस त्या ओळीवरून पुढे निघून जातो. वर्डमध्ये किंवा वर्डप्रेसमध्ये 'हेडिंग' हा पर्याय निवडा. पानाला एक मुख्य शीर्षक, त्याखाली दुसऱ्या पातळीची, गरज पडली तर तिसऱ्या.

फोटोसाठी ऑल्ट टेक्स्टचा, म्हणजे फोटोच्या वर्णनाचा, रकाना असतो. तो रिकामा सोडला तर काही साइटवर वाचक सॉफ्टवेअर फाइलचे नावच वाचू लागते, आयएमजी, अंडरस्कोअर आणि पुढे आठ आकडे. तिथे 'कार्यक्रमाचा फोटो' लिहिले तर काहीच सांगितले नाही. फोटो पानावर कशासाठी आहे ते स्वतःला विचारा. नव्या इमारतीत जाण्याची वाट दाखवायला असेल, तर लिहा: 'बस स्थानकासमोरची तीन मजली इमारत, नोंदणी कक्ष तळमजल्यावर, डावीकडे पहिले दार, पायऱ्यांशेजारी उतार.' फोटो नुसत्या शोभेचा असेल तर प्रोग्रामरला तसे सांगा, म्हणजे तो सॉफ्टवेअरने ओलांडून जाण्याची सोय करता येते. दीपप्रज्वलनाच्या फोटोंबद्दल निर्णय तुमचा.

मराठी लिखाणातली संक्षिप्त रूपे कानाला फार छळतात. मु.पो., ता., जि., सा.बां., क्र. ही रूपे डोळा सहज उलगडतो. यंत्र ती जशीच्या तशी उच्चारते. पत्त्यात 'तालुका', 'जिल्हा' पूर्ण लिहायला जागा कमी पडत नाही. तारीखही ०५/०६ अशी लिहू नका. ५ जून की ६ मे, हा संशय डोळस माणसालाही पडतो.

आणखी एक गोष्ट प्रोग्रामरला विचारून घ्या: पानाची भाषा काय नोंदवली आहे? प्रत्येक पानाच्या पोटात भाषेची खूण असते. तयार साच्यातून बनवलेल्या साइटवर ती बहुधा इंग्रजीची राहून जाते. मग सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचू पाहते आणि अडखळते, किंवा गप्पच बसते. वर्डप्रेसमध्ये सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी केली की काम होते. मराठीची खूण असली, तर काही फाँटांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही आपोआप येतात, हिंदी वळणाची येत नाहीत.

पीडीएफ आणि जुने फाँट

मराठी वेबसाइटवरचा सगळ्यात मोठा अडथळा माझ्या मते हा आहे. कागदावर टंकलेली सूचना, त्यावर सही-शिक्का, मग स्कॅन, मग पीडीएफ, मग 'नवीन' अशा लुकलुकत्या पाटीसह वेबसाइटवर. त्या फाइलमध्ये मजकूर नसतोच. मजकुराचा फोटो असतो. तो बोलून दाखवता येत नाही, शोधता येत नाही, मोबाइलवर मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटाने इकडून तिकडे ओढत वाचावे लागते. सहीची प्रत हवी तर जरूर ठेवा, पण तोच मजकूर पानावर टंकून द्या. सूचना मुळात संगणकावरच लिहिलेली असते, तेव्हा हे काम पाच मिनिटांचे आहे.

टंकलेला मजकूर असला तरी तो कोणत्या पद्धतीने टंकला हा प्रश्न उरतोच. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत 'क' दिसतो खरा, पण आत रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. छपाईसाठी तयार झालेला असा मजकूर वेबसाइटवर गेला, की वाचक सॉफ्टवेअर रोमन अक्षरांची खिचडी ऐकवते आणि गुगललाही त्यात मराठी सापडत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच लपतात.

युनिकोडमधून केलेली पीडीएफही कधी कधी दगा देते. परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. वेलांट्या जागा सोडून पळाल्या, जोडाक्षरे फुटली, तर ऐकणाऱ्यालाही तेच ऐकू येणार आहे.

युनिकोडमध्येही 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खालच्या टिंबाचा 'ऱ' वापरून अर्धा 'र' होतो, दुसऱ्यात साध्या 'र'पुढे हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. दिसायला दोन्ही शब्द सारखे, यंत्राला वेगळे. 'ॲ'चेही तसेच: एक अखंड अक्षर, दुसरे 'अ'वर चंद्र ठेवून केलेले. साइटवर शोधण्याची सोय असेल आणि एका लिपिकाने एका तऱ्हेने, दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टंकले असेल, तर शेतकऱ्यांसाठीची निम्मी पाने शोधात येणारच नाहीत. कार्यालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, एवढे ठरवले तरी पुष्कळ निभावते. आधीची पाने प्रोग्रामर एकदाच बदलून देऊ शकतो.

दिसण्याबद्दल थोडे

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा सढळ हवी. अक्षराच्या दीडपट हा चांगला अंदाज. अक्षरांमध्ये जागा वाढवू नका, शिरोरेखा तुटते. शब्दाखाली रेघ मारली की ती उकार आणि ऋकार कापत जाते, त्यामुळे अधोरेखन फक्त लिंकसाठी राखा. तिरकी अक्षरे मराठीत मुळात नाहीत, आणली की वाचणे अवघड होते. ठळक अक्षरे एका परिच्छेदात एकदा. सगळेच ठळक केले तर काहीच ठळक राहत नाही.

रंगाबाबत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची कसोटी आहे: साध्या आकाराची अक्षरे आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढा फरक हवा. तो मोजणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे, जी आपल्याकडे फार आवडीने वापरली जातात, या कसोटीत बहुतेक वेळा नापास होतात. 'लाल रकाने भरणे सक्तीचे' असेही लिहू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक आहेत आणि ऐकणाऱ्याला तर रंगच नाही. रकान्याच्या नावापुढे 'आवश्यक' हा शब्द घाला. चूक झाल्यावर येणारा संदेशही माणसासारखा लिहा. 'अवैध नोंद' या दोन शब्दांनी घाबरायला होते. 'मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक लिहिले आहेत' असे म्हटले की काम पुढे सरकते. मजकुरात मराठी अंक शोभतात, पण कॉपी करून बँकेच्या किंवा सरकारी फॉर्ममध्ये टाकायचे खाते क्रमांक आणि फोन क्रमांक इंग्रजी अंकांत द्या. अनेक फॉर्म देवनागरी अंक घेत नाहीत.

कायद्याचे बळ

वरिष्ठ ऐकत नसतील तर कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती आणि संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची तरतूद आहे, आणि खासगी सेवाही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. केंद्र सरकारने सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींचा प्रश्न होता: खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा अशी अट असेल, तर त्यांनी काय करायचे? २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली होती. सोप्या पानाचा फायदा होणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. मोतीबिंदूचे आजोबा, उन्हात मोबाइल धरलेला शेतकरी, मराठी वाचता येते पण सरकारी मराठी येत नाही असा परप्रांतात वाढलेला मुलगा, हे सगळे त्यात आले.

पान चढवण्यापूर्वी

मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीने पानावर फिरा. अर्जाच्या शेवटच्या बटणापर्यंत पोचता आले नाही, तर प्रोग्रामरला बोलवा. फोनवर टॉकबॅक चालू करून, पडदा न बघता, एखादी माहिती शोधून पाहा. पहिल्यांदा जीव मेटाकुटीला येईल. टॉकबॅक चालू असताना फोनवर दोनदा टिचकी मारल्याशिवाय काहीही उघडत नाही आणि टॉकबॅक बंद कसा करायचा हेही आधी वाचून ठेवलेले बरे.

त्याहून चांगले म्हणजे पान ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी कुणाला तरी द्या आणि एक काम सांगा: 'माझ्या भाचीचा जन्म दोन महिन्यांपूर्वी घरी झाला, नोंद राहिली आहे, आता काय करायचे ते या पानावरून सांगा.' मग गप्प बसा. 'खाली आहे बघा' असे सांगण्याचा मोह फार होतो. माणूस कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठला शब्द दोनदा वाचतो ते पाहिले की दुरुस्तीची यादी आपोआप तयार होते. तीन-चार माणसे बसवली तरी बरेच दोष वर येतात.

पान एकदा चांगले झाले की ते जुने होऊ लागते. शुल्क बदलते, अधिकारी बदलतात, नियम बदलतात. राज्य शासनाच्या कार्यालयांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा झाला. तुमच्या 'संपर्क' पानावर अजून 'दुसरा व चौथा शनिवार सुट्टी' असे असेल, तर कुणीतरी शनिवारी कुलूप बघून परत गेलेले असणार. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख लिहा, आणि कार्यालयातल्या वहीत त्या पानापुढे एका माणसाचे पद लिहून ठेवा, समितीचे नव्हे. त्या माणसाची बदली झाली की कार्यभाराच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांखाली वेबसाइटच्या पानांची नावे आणि पासवर्ड बदलल्याची नोंदही हवी.